बैठकीच्या खोलीतल्या अपघाताची चौकशी

रिमोटवरच्या चार बाणांपैकी डावा बाण सर्वांत जास्त झिजला होता. उजव्यावरचं पांढरं चिन्ह शाबूत होतं, वरचं आणि खालचं जरा फिकं पडलं होतं. डाव्याच्या जागी नुसता गुळगुळीत काळा रबर उरला होता. साडेचार महिन्यांत एवढी झीज. इंद्रायणी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे कारण कळेपर्यंत तिला चैन पडेना. कारण साधं निघालं. तिच्या वडिलांना येणारी प्रत्येक गाडी आधी डावीकडच्या रुळावर घेऊन उभी करायची सवय होती.

नागनाथअप्पा कुर्डुवाडीला बत्तीस वर्षं रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. निवृत्त झाल्यावर सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात लेकीच्या फ्लॅटवर राहायला आले आणि वर्षभर खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत बसले. मग इंद्रायणीने आईला कीर्तनं बघता यावीत म्हणून टीव्हीला जोडायचा डबा आणला. त्यात आगगाड्यांचा एक फुकटचा खेळ निघाला. लाल गाडी लाल फलाटावर, निळी निळ्या फलाटावर. बाण दाबून सांधा बदलायचा. खेळ लहान पोरांचा. टोपी घातलेलं एक अस्वल कोपऱ्यात उभं राहून हिरवा झेंडा दाखवायचं. अप्पा त्या अस्वलाला ‘मास्तर’ म्हणत आणि त्याच्यासमोर पाय पसरून बसत नसत.

खेळ मध्येच थांबवायची सोय होती. इंद्रायणीने ती पहिल्याच दिवशी दाखवली.

“गाडी सेक्शनात असताना थांबव म्हणतीस?” अप्पा म्हणाले. “रेल्वेत असली कळ नसती.”

त्यामुळे पाळ्या आल्या. सकाळी सहा ते दोन अप्पा. दोनपासून आई, गोदावरीबाई. त्या कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मालगाड्या काढत. पाच ते सात शेजारच्या मायाक्का, नंतर पुन्हा आई. रात्री दहाला शेवटची गाडी फलाटाला लागली की अप्पा लाइन बंद झाल्याचं जाहीर करत. पाळी बदलताना लांबड्या वहीत चार्ज दिला-घेतल्याच्या सह्या होत. मायाक्कांनी सुरुवातीला अंगठा पुढे केला होता. अप्पांनी तीन दिवस बसवून त्यांना सही शिकवली. मायाक्का ती आता दूधवाल्याच्या कार्डावरही करत.

इंद्रायणी रविवारची ‘रेस्ट गिव्हर’ होती, म्हणजे बाकीच्यांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून त्यांच्या जागी बसणारी.

आणि तिथंच तिचं घोडं अडलं होतं. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेचं कायम नोकरीचं पत्र येऊन पाच आठवडे झाले होते. इथली नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी जीव टांगणीला. सोमवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा होता आणि घरात अजून कुणाला पत्ता नव्हता. एकदा ती सांगायला बसली होती. तेवढ्यात अप्पा वही मिटत म्हणाले, “तू हायस म्हणून सुट्टी मिळती गं. कुर्डुवाडीत बत्तीस वर्षांत रेस्ट गिव्हर कधी वेळेवर आला न्हाय.” इंद्रायणीने सांगायचं ते चहाबरोबर गिळून टाकलं.

मुदतीआधीच्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, तिच्या पाळीत निळी गाडी पिवळीवर आदळली. अस्वलाने टोपी काढून डोकं खाजवलं, पिपाणी वाजली आणि खेळाची दोनशे बारावी पायरी गेली; आता पुन्हा पहिलीपासून.

आतल्या खोलीतून अप्पा बाहेर आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी सदरा घातला, बटणं लावली, वेळ टिपून घेतली आणि मायाक्कांना बोलावणं धाडलं. चार वाजता सोफ्यावर तिघांची समिती बसली. इंद्रायणीला समोर प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली.

“नाव सांगा,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, काहीतरीच काय.”

“नाव सांगा. चौकशीत अप्पा नसतो.”

जन्मापासून ज्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, ते आज करत होते. तिने नाव सांगितलं.

“पुरती विश्रांती झालती?”

“झाली होती.”

“तोंडाचा वास घ्या कुणीतरी. नियम हाय.”

आईने उठून वास घेतला. “शेंगा चटणी,” ती म्हणाली. “जरा जास्तच खाल्लीय.”

“लिवतो. यंत्रात बिघाड?”

इंद्रायणीला क्षणभर सुटकेची वाट दिसली. “बॅटरी उतरली असेल.”

अप्पांनी वहीचं मागचं पान उलटलं. शुक्रवारी तिनेच मीटर लावून दोन्ही सेल तपासले होते आणि स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: एक पूर्णांक बावन्न शतांश व्होल्ट, चालू स्थितीत. खाली तिची सही.

“मीच हाक मारली असेन तिला गॅलरीतनं,” मायाक्का मध्ये पडल्या. “माझंच नाव लिवा. माझी कुटं बढती अडलीय?”

“तुमी तवा झोपला होता. घोरणं भिंतीतनं येत होतं. खोटी साक्ष देऊ नका.”

“लई कडक माणूस हाय बाई तुमचा,” मायाक्का आईला म्हणाल्या.

“घरात मऊच असतो. वही हातात आली की असा होतो.”

अप्पांनी पेन झटकलं. “शेवटचा प्रश्न. धडक झाली तवा तुमी काय करत होता?”

ती मोबाईलवर हैदराबादला मेल लिहीत होती. होकार लिहायचा, वाचायचा, पुसायचा, असं चौथ्यांदा चाललं होतं. निळी गाडी तिला दिसलीसुद्धा नव्हती.

“मेल लिहीत होते.”

“कुणाला?”

तिने मोबाईल मांडीवर पालथा घातला. आईने मांडीवरचं भाजीचं ताट खाली ठेवलं.

“इंदे,” अप्पांचा आवाज एकदम घरातला झाला, “ह्या वहीत लिवलेलं मागनं खोडता येत न्हाय. न्हाय सांगायचं तर ‘आठवत न्हाय’ म्हण. तेबी चालतं. लई जणांनी म्हटलंय.”

एवढी मोकळी वाट तिला पाच आठवड्यांत कुणी दिली नव्हती. दोन शब्द, सही, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून गाड्या. पण तिला तर सगळं लख्ख आठवत होतं, आणि न आठवल्याचं लिहून त्याखाली सही करणं तिच्याने कधी झालंच नसतं.

“आठवतंय,” ती म्हणाली. “लिहा. मला हैदराबादला कायमची नोकरी लागलीय, अप्पा, आणि मी जाणार आहे.”