रेडिओवरची हाळी

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात मोबाइल सगळ्यांकडे आहे, पण बोलायचं म्हटलं की आधी जागा शोधावी लागते. एखाद्या गावात रेंज देवळामागे सापडते, एखाद्या गावात शाळेच्या पायरीवर. सुनयनाचं माहेर बाजारकुणंगच्या अलीकडे, जंगलात शिरलेल्या एका वाडीत. तिथे रेंज यायची ती माळावरच्या एका कातळावर. दर रविवारी तिची आई केशरक्का त्या कातळावर चढून बसायची आणि रामनगरला दिलेल्या लेकीशी पोटभर बोलायची. जेवलीस काय गे, इथपासून सुरुवात व्हायची आणि गाभण म्हशीपर्यंत गप्पा जायच्या. मग केशरक्काचे गुडघे धरले. चढण सुटली आणि आईचा आवाज लेकीच्या कानावर पडायचा बंद झाला.

माहेर काही परमुलखात नव्हतं. पण घरात अंथरुणाला खिळलेली सासू, मुलांच्या शाळा, आणि त्या बाजूची बस तरी कधी वेळेवर असते? रविवार आला की सुनयना फोन हातात घेऊन उगाच ओट्याशी उभी राहायची. पोळी करपायची, ती करपू द्यायची.

म्हणूनच रामनगरच्या सेवा संस्थेने आपल्या भागासाठी रेडिओ केंद्राचा परवाना मागायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी तिथे पोचली ती सुनयना. मोठ्या शहरातला रेडिओ नव्हे, कम्युनिटी रेडिओ. आसपासच्या गावांपुरता, गावच्याच लोकांनी चालवलेला. बातम्या द्यायच्या नाहीत, पण शेती, आरोग्य, गाणी, निरोप सगळं चालेल. टेकडीवर खांब उभा राहिला की आवाज वाडीपर्यंत पोचेल, असं इंजिनिअर म्हणाला होता. आणि केशरक्काच्या चुलीजवळच्या फळीवर नवऱ्याच्या वेळचा जुना रेडिओ होता! गावातली तरुण मुलं तिथे कशासाठी येत होती, बाकीच्या बायका कशासाठी येत होत्या, कोण जाणे. सुनयनाला मात्र एवढंच हवं होतं की आपला आवाज त्या फळीवर जाऊन बसावा.

संस्थेचे अध्यक्ष भिकाजीअण्णा. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, मूळ घराणं खानापूरकडचं. माणूस सरळ, पण सभेत उभे राहिले की जिभेला इस्त्री करून बोलायचे. आवाजासाठी त्यांनी सुनयनाचीच निवड केली, कारण तिची भाषा स्वच्छ.

ही स्वच्छता कशी आली, तेही सांगायला हवं. लग्नानंतर पहिल्याच हळदीकुंकवाला सुनयना "मला न्हाई ठाऊक" असं बोलून गेली आणि चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने तर "जंगलातली गं!" असं तिच्या कानावर पडेल इतक्या हळू म्हटलं. पोर त्या दिवशी आतून शरमली. तेव्हापासून तिने बोली घासून घासून काढली. न्हाईचं नाही केलं, हायचं आहे केलं, वाडीत बायकाही म्हणतात त्या 'जेवलो'चं 'जेवले' केलं, आवाज खाली आणला, हेल मोडला. पुढे गणपतीच्या मांडवात सूत्रसंचालनाला तिलाच बोलवायला लागले. हसणाऱ्या बायका आता तिचं कौतुक करत होत्या.

अर्ज दिल्लीला गेला होता. आता तिथली समिती व्हिडिओवर मुलाखत घेणार होती, आणि नमुन्याचा एक कार्यक्रमही ऐकणार होती. कार्यक्रम स्थानिक लोकांचा आणि स्थानिक भाषेत हवा, अशी अट. अण्णांनी त्याचा अर्थ लावला, उत्तम मराठी! बाहेर गोव्याच्या ट्रकांचा गोंगाट, म्हणून दुकानामागच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून ध्वनिमुद्रण झालं. सुनयना वाचत होती, "नमस्कार, मी आपली निवेदिका सुनयना. शेतकरी बांधवांनो, कंदमुळांची लागवड शास्त्रोक्त पद्धतीने करणे हितावह ठरते..." अण्णा खूश झाले. सुनयनाही खूश झाली, आणि मुलाखतीआधीच्या रविवारी शेजारणीला सासूजवळ बसवून, ते ध्वनिमुद्रण फोनमध्ये घेऊन तडक माहेरी गेली. आईला आधी ऐकवायचं होतं.

केशरक्का अंगणात कणगी, म्हणजे तिकडचे कंद, सोलत बसली होती. लेकीला बघून तिने हातातली सुरी टाकली. चहा झाला, डोळे पुसून झाले. मग सुनयना म्हणाली, "आई, रेडिओवर मी कशी बोलणार ते ऐक." आणि तिने फोन पायरीवर ठेवला.

केशरक्काने मान कलती करून सगळं ऐकलं. मग लेकीकडे बघून साधेपणाने म्हणाली,

"तुझं नाव घेऊन ही कोण बोलायली गे?"

सुनयनाला वाटलं, आई थट्टा करते आहे. पण आईच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"आई, मीच ती!"

"तू? तू न्हवंस ती. कोण तरी हापिसातली बाई हाय. आमच्या कणग्यांचंच सांगायली आणि आमास्नीच काय कळंना."

"रेडिओवर असंच बोलतात, आई. आपल्यासारखं बोललं तर लोक हसतात."

"कोण हसतंय?"

सुनयना पायरीवरचा फोन उचलून पदराने पुसू लागली. केशरक्का तिच्याजवळ सरकून बसली.

"ऐक सुनू. ह्यो रेडिओ कुणासाठी काढायलाय तुमी? हसणाऱ्यांसाठी का माझ्यासाठी? हसणाऱ्यांकडं रेंज हाय, टीव्ही हाय, त्यास्नी काय कमी न्हाई. कमी हाय ती मला. आणि मला जर माझी लेक वळखू येत न्हाई, तर त्यो खांब कशाला पायजे तुमाला? कावळे बसवायला?"

"पण आई..."

"माझे गुडघे गेले तवापासनं काय करतो मी, ठाऊक हाय तुला? रोज सांजेला हितं कडेला हुभी ऱ्हातो आणि रामनगरकडं तोंड करून हाळी घालतो. सुनूऽऽ, जेवलीस काय गेऽऽ, म्हणून. पोचत न्हाई, ते कळतंय मला. यड लागलंय म्हणून खाचरापलीकडचा नागू हसतोय. तरी घालतो. घातल्याबिगार घास उतरत न्हाई बघ."

सुनयनाने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढे दिवस आपणच एकट्या झुरतो आहोत असं तिला वाटत होतं. पलीकडून रोज हाक येत होती, आणि ती रानातच विरत होती!

या वाड्यांमधली हाळीची रीत रामनगरच्याही पुष्कळांना माहीत नसेल. घरं एकमेकांपासून लांब, मध्ये भाताची खाचरं आणि रान. निरोप द्यायचा तर अंगणाच्या कडेला उभं राहून, तोंडाभोवती हात धरून हाळी घालायची. ज्याने ऐकली त्याने ती पुढच्या घराला द्यायची. शेवटच्या घराने "पोचलीऽऽ" म्हणायचं, आणि ते "पोचली" तसंच घराघरातून मागे यायचं. नियम एकच, पण कडक: हाळीत आपलं नाव सांगायचं नाही. आवाजावरून माणूस कळलं पाहिजे. नाव सांगावं लागतं ते परक्या माणसाला.

"ऊठ," केशरक्का म्हणाली. "नागूच्या घराला हाळी घाल. बघू येती का."

सुनयना कडेला उभी राहिली. पहिल्यांदा आवाज निघाला तो मांडवातलाच, खाली दाबलेला, नीटनेटका. खाचराच्या निम्म्यातही गेला नसेल. सुनयनाने डोळे मिटले, छाती भरून घेतली, आणि इतकी वर्षं मोडून ठेवलेला हेल मोकळा सोडला.

"नागूमामाऽऽ, हाईस काय रंऽऽ घरातऽऽ?"

मग पलीकडच्या झाडीतून उत्तर आलं,

"केशरक्काची सुनू आली काय गोऽऽ?"

ओळखलं! नाव न सांगता, तोंड न बघता ओळखलं! सुनयना लहान पोरीसारखी हमसून रडली. तिने फोन पुन्हा काढला आणि आईसमोर धरला. आता आई कणग्यांविषयी बोलत होती, एव्हाना येऊन पोचलेला नागूमामा कुंपणापलीकडून तिला खोडून काढत होता, आणि मध्येच पुढच्या घरची हाळी ऐकू येत होती. तेच तिने ध्वनिमुद्रित करून घेतलं.

रामनगरला परतल्यावर भिकाजीअण्णांनी ते ऐकलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पोरी, हे दिल्लीला ऐकवायचं? ते म्हणतील, जंगलातून आलेत. परवाना राहील बाजूला!"

"अण्णा, जंगलातूनच आलो आहोत ना आपण?" सुनयना म्हणाली. एरवी ती अण्णांसमोर मान वर करत नसे. "तुम्ही घरात काकूंशी सभेतलं बोलता काय? माझ्या आईने मला ओळखलं न्हाई, अण्णा. ज्यांच्यासाठी परवाना मागायचा, त्यांनीच आपल्याला परकं म्हटलं, तर परवाना मिळून तरी काय उपयोग?"

"न्हाई" तिच्या तोंडून आपसूक गेलं होतं. यावेळी तिने ते सुधारलं नाही.

अण्णा बराच वेळ हातातल्या कापडाची घडी घालत राहिले. मग त्यांचा आवाज बदलला. "माझी आई गेली, तवापासनं मला 'ए भिक्या' म्हणून कुणी हाक मारली न्हाई बघ. सगळी अण्णा अण्णाच करत्यात. कधी कधी वाटतंय, एकदा कुणी तरी तसं बोलवावं..." त्यांनी घडी बाजूला ठेवली. "हेच ऐकवायचं. मिळाला तर असाच मिळू दे परवाना."

मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी हिंदीतून विचारलं, हा मागे ओरडण्याचा आवाज कसला? अण्णांनी मोडक्यातोडक्या हिंदीत हाळीची सगळी रीत सांगितली. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा रेडिओ आधीपासूनच चालू आहे. तुम्ही फक्त खांब मागता आहात."

परवाना काही दुसऱ्या दिवशी आला नाही. सरकारी काम ते! आधी तत्त्वतः मंजुरी, मग रेडिओलहरींची परवानगी, मग करारावर सह्या. भाताची कापणी होऊन पुढची लावणी आली. सांजेला ओट्याशी उभं राहिलं की सुनयनाला आता माहीत असायचं, या वेळी आई अंगणाच्या कडेला असेल. ती मनातल्या मनात "जेवलो गे" म्हणायची. आईचे गुडघे आणखी बिघडले, असं कळायचं. खांब उभा राहीपर्यंत तरी आईला वेळ मिळू दे, एवढंच ती देवाजवळ मागायची.

आणि एक दिवस टेकडीवर खांब उभा राहिला. रेडिओ लावून बसा, असे बसवाल्यांकडून वाड्यांना निरोप गेले. अण्णांच्या गोदामातच, गठ्ठ्यांमध्ये, सुनयना मायक्रोफोनसमोर बसली. पुढे कन्नड कार्यक्रम होता, त्यानंतर भजन होतं. पण पहिला आवाज तिचा होता. तिने नमस्कार केला नाही. नावही सांगितलं नाही.

"आयेऽऽ, जेवलो गेऽऽ मी! तू जेवलीस काय गेऽऽ?"

दाराशी उभ्या असलेल्या बायकांमध्ये त्या हळदीकुंकवातल्याही दोघी होत्या. या खेपेस कुणी पदर तोंडाला लावला नाही. त्यांचे पदर डोळ्यांना लागले होते.

मंडळी, रेडिओचा परवाना दिल्लीहून येतो. पण आपल्या बोलीत बोलायला कुणाचा परवाना लागत नाही, आणि कुणाच्या हसण्याने तो रद्दही होत नाही. दुसऱ्याच्या बोलीला हसण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की ती बोली घासून टाकली, तर कुठल्या तरी अंगणात एक आई आपल्या लेकराला ओळखायची राहून जाते.

रेडिओला उत्तर देता येत नाही, हे सुनयनाला ठाऊक होतं. तरी ती संध्याकाळपर्यंत तिथेच घुटमळत राहिली. त्या बाजूची बस आली तशी चालक वासू गाडी उभी करून थेट दुकानात आला.

"अक्का, बाजारकुणंगच्या फाट्यावर नागूमामा हात करून हुभा हुता. वाडीतनं घराघरानं हाळी आलीया म्हणाला. तुला सांगाय लावलंय."

"काय सांगाय लावलंय?"

"एवढंच की, पोचली."