बॉबिनच्या डब्यातला संशयित

कुणी तुमच्या हातावर एखादी वस्तू ठेवून म्हणालं, "घ्या, फुकट आहे," तर तुम्ही आधी काय करता हो? खरं सांगा. उलटीपालटी करून बघता ना, कुठे काही लपवलंय का म्हणून? मला त्याचा राग नाही. मी एक पेन ड्राइव्ह बोलतोय, आणि संशय माझ्या पाचवीलाच पुजलाय.

माझा जन्म कारखान्यातला. रंग विकणाऱ्या एका कंपनीने माझ्या पाठीवर स्वतःचं नाव छापून मला गिऱ्हाइकांमध्ये वाटून टाकलं. पुढे मी कितीतरी खिशांत फिरलो. कुणी माझ्यात गाणी भरली, कुणी सहलीचे फोटो. पण जाईन तिथे पहिलं वाक्य ठरलेलं: "थांबा, आधी तपासा. व्हायरस असेल." एका कचेरीच्या दारात तर पहारेकऱ्याने मला काढून घेऊन टेबलावर ठेवलं होतं, चाकू आणि कात्रीच्या शेजारी. बाकीच्या पाहुण्यांना आधी पाणी मिळतं, माझी आधी झडती.

फिरत फिरत मी ग्रंथालयात काम करणाऱ्या एका बाईकडे आलो. तिच्या माहेरी तिला सगळे धाकटी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. तिने माझं पोट रिकामं केलं आणि त्यात लिनक्स भरलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा. पुष्कळ माणसांनी मिळून बांधलेली, कशी बांधली ते कुणीही उघडून बघावं अशी, आणि विकत घ्यावी न लागणारी. माझी छाती फुगली. नखाएवढा जीव मी, आणि पोटात अख्खा कॉम्प्युटर चालवायची अक्कल!

धाकटीने मला नेलं ते थेट ताईंकडे, तिच्या थोरल्या बहिणीकडे. ताई कपड्यांचे पॅटर्न काढतात. कॉम्प्युटरवर आखायचे, कागदावर छापायचे, मग त्या कागदावरून शिंपी कापड बेततात. त्यांची सारी कमाई, म्हणजे इतक्या वर्षांचे पॅटर्न, एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये होती. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर ताई शिवणयंत्राच्या बॉबिनवर दोरा भरून घ्यायच्या. दुरुस्तीवाल्याने हात टेकले होते. आणि नेमकं नाटक मंडळींच्या पोशाखांचं काम अंगावर आलेलं.

"फुकट?" ताईंनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. "कोण देतं गं फुकट?"

"लोकांनी मिळून केलंय, ताई."

"लोकांना दुसरे काही उद्योग नाहीत?"

"तू नुसतं बघ तर खरं. याच्यावरून चालवलं की आतल्या कशाला हातही लागत नाही. नाही आवडलं तर काढून टाक."

"माझा फोनसुद्धा तू 'जरा साफ करते' म्हणूनच घेतला होतास. फोटोसकट साफ केलास."

दोघी बहिणींमध्ये तो फोन अजून मिटला नव्हता.

शेवटी ताई कबूल झाल्या, पण अटीवर. "याने माझ्या घरात काही ठेवायचं नाही, आणि काही न्यायचंही नाही." वर कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, ती वेगळीच.

मला यंत्रात खोचलं आणि म्हातारा तरण्यासारखा उठून बसला. धाकटी कामावर गेली. ताई आधी लांबूनच बघत होत्या, कुणाच्या घरात चुकून शिरल्यासारख्या. मग चित्रं काढायचा ओळखीचा प्रोग्रॅम दिसला, एक रेघ मारून बघितली आणि त्यांचं भान हरपलं. नाटकातल्या राजाच्या अंगरख्याची उंच कॉलर त्यांनी एका बैठकीत उतरवली. इतकी सुबक, की मीच बघत राहिलो. त्यांनी ती जपून ठेवली, कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला उठल्या.

माझा जीव कासावीस झाला. ओरडून सांगावंसं वाटलं, "ताई, ही नुसती चव घ्यायची सोय आहे, बंद केलं की सगळं पुसलं जातं!" पण मला तोंड कुठलं?

जेवून येऊन बघतात तर कॉलर नाही. लगेच फोन.

"तुझ्या त्या नखाएवढ्या चोराने नेली! आणि तू त्याला घरात आणलंस!"

धाकटी तशीच रजा टाकून आली. दारातूनच म्हणाली, "ताई, तुझे जुने पॅटर्न आहेत ना?"

ताईंनी मला उपटून काढलं, जुन्या पद्धतीने कॉम्प्युटर लावला आणि एकेक फाइल तपासली. सगळं जागच्या जागी.

"चोर आला आणि आयुष्यभराचं सोडून एक कॉलर घेऊन गेला?" धाकटी म्हणाली. "अगं, काही ठेवायचं नाही ही अट तुझीच ना? त्याने पाळली. मी मात्र सांगायला हवं होतं, ते राहिलं. चुकलं माझं. आणि फोनचंही."

ताईंनी चहा टाकला, दोन कप.

मग रीतसर काम सुरू झालं. धाकटीने सगळे पॅटर्न एका वेगळ्या डिस्कवर उतरवले. त्यातला एक ताईंनी छापून घेतला आणि टेप लावून मोजला. त्यांचा विश्वास फक्त टेपवर. माप बरोबर भरलं. मग मला पुन्हा खोचलं आणि पडद्यावर प्रश्न आला: आतलं सगळं पुसून लिनक्स बसवू का? धाकटीने माउस पुढे सरकवला.

"तूच दाब. मी दाबलं तर जन्मभर ऐकवशील."

ताईंनी डोळे मिटून दाबलं.

यंत्रणा बसल्यावर धाकटीने पॅटर्न परत आत घातले आणि पडद्यावरच्या एका काळ्या खिडकीत काहीतरी लिहिलं, तर त्या खिडकीने ताईंचा पासवर्ड मागितला. ताई टाइप करू लागल्या, पण पडद्यावर एक ठिपका उमटेना.

"अगं, हा गिळतोय! गेला कुठे माझा पासवर्ड?"

"मुद्दाम दाखवत नाही. मागे उभं राहून कुणी अक्षरं मोजू नयेत म्हणून."

ताई थबकल्या. गालात हसल्या. "म्हणजे हासुद्धा संशयीच आहे की! मग जमेल आमचं."

त्या संध्याकाळी त्यांनी राजाची कॉलर पुन्हा काढली आणि मला बॉबिनच्या पारदर्शक डब्यात ठेवून दिलं. रंगीत दोऱ्यांच्या सोबतीत मी तिथेच आहे. कधी तुमच्या हाती लागलो तर खुशाल झडती घ्या, तो तुमचा हक्क आहे. फक्त चोर म्हणण्याआधी एकदा आपलं कपाट उघडून बघा, खरंच काही गेलंय का ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी कॉम्प्युटर लावला. कॉलर जागेवर होती. त्यांनी ती छापली, टेप लावून मोजली आणि धाकटीला फोन करून म्हणाल्या, "आहे गं." कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी काही काढली नाही.