डोहात राहिलेले जाळे

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे. इंझोरीकडच्या मोठ्या धरणात मी अकरा वर्षे मासे धरले. रंगराव नावाच्या मासेमाराच्या बायकोने, जिजाबाईने, मला ओट्यावर बसून विणले. माझ्या प्रत्येक घरात, म्हणजे दोऱ्यांमधल्या चौकोनी भोकात, चार बोटे घालून ती माप बघायची. घर लहान झाले की उसवायची आणि पुन्हा विणायची. बारका मासा निसटून जावा म्हणून ही सगळी खटपट! मला तिचा राग यायचा. हाती आलेला मासा सोडून देणे कुठल्या जाळ्याला आवडेल?

हिवाळ्यात मी रोहू-कटल्यांनी भरून वर यायचे. वाशीमच्या बाजारात लोक रंगरावाचाच मासा मागायचे आणि मी फुगून जायचे. खोटे कशाला सांगू?

उन्हाळा मात्र जिवावर यायचा. मे महिन्यात वरचे पाणी इतके तापते की मासे खाली जाऊन बसतात. काठ रोज मागे सरकतो. बुडालेल्या बाभळींचे खुंट वर येतात. शेवटी जुन्या नदीचा एक डोह तेवढा खोल उरतो आणि उरलेसुरले मासे तिथेच दाटीने राहतात. म्हणून इथल्या मासेमारांची रीत आहे, अक्षय तृतीयेनंतर डोहात जाळे टाकायचे नाही. तिथले मासे वाचले, तरच पुढच्या वर्षी धरणात काही मिळते.

यंदा मी ओळीने चार दिवस रिकामे वर आले. पाचव्या दिवशी संध्याकाळी रंगरावाने आजूबाजूला पाहिले आणि मला डोहात सोडले.

"एकच डाव," तो पुटपुटला. "कोनाले काय समजते!"

थोड्याच वेळात वादळ सुटले. मला वर तरंगत ठेवणारे थर्माकोलचे तुकडे तुटून वाहून गेले. मी पाण्याखालच्या खुंटांवर ताणून अडकले. सकाळी रंगराव एकटाच मला शोधत फिरला, पण मी वरून दिसत नव्हते. चौघांना मदतीला बोलवावे, तर रीत मोडल्याचे उघड झाले असते. जाळे वाऱ्याने नेले, असे त्याने घरी सांगितले.

मी मात्र मासे धरतच राहिले. मला नको होते तरी धरत राहिले. मासे अडकायचे, मरायचे, कुजून सुटायचे आणि काठाला लागायचे. लोक म्हणायचे, ऊन फार आहे, उन्हाने मासे मरताहेत. रंगरावही मान डोलवायचा.

मला डोहात सोडल्यापासून आठव्या दिवशी सकाळी एक मरळ माझ्यात शिरली. तिच्याभोवती लाल पिल्लांचा घोळका होता. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते आणि अधूनमधून वर येऊन हवा घेते. मी तिला वर जाऊ देईना. मासा असून ती पाण्यात गुदमरत होती.

त्याच वेळी काठावर रंगरावाबरोबर आलेल्या जिजाबाईने एक मेलेला मासा उचलला.

"उन्हानं मेला म्हन्ता? हा वळ पाहा बरं गळ्यापाशी. हे माह्या हातचं घर आहे. जाळं कुठी आहे, खरं सांगा."

"डोहात आहे," रंगराव म्हणाला. "मीच टाकलं."

"मंग आतालोक काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली वं."

मग त्याने स्वतःच सगळ्या मासेमारांना हाक मारली. त्यांच्या लहान होड्या, डोंगे, आले, दोराला बांधलेले लोखंडी आकडे पाण्यात पडले. मी मनात म्हणत होते, लवकर या, ती अजून हलते आहे. तिचे हलणे थांबले आणि त्यानंतर आकडा मला लागला.

मला ओढून वर घेतले, तेव्हा पिल्ले मरळीच्या मागोमाग वर आली. ती डोंग्याला चिकटून फिरू लागली. रंगरावाने त्यांना हाताने दूर सारून पाहिले.

"हटून नाही राह्यले," तो म्हणाला आणि डोक्याला हात लावून बसला.

आता मी फाटून पोत्यात पडून आहे. ती पिल्ले जगली का, मला कोणी सांगितले नाही. राखण करणारे मोठे कोणी नसेल तर बाकीचे मासे त्यांना खातात, एवढे मला माहीत आहे.

मित्रांनो, पाण्यात टाकलेले जाळे आपणहून थांबत नाही. तुमच्या हातून चूक झाली तर लाजून गप्प बसू नका, त्याच दिवशी सांगा. रंगरावाला सांगायला सात दिवस मिळाले होते. ते सातही दिवस ती मरळ आपल्या पिल्लांना घेऊन डोहात फिरत होती.