सुदेशसरांचा अमेरिकेवरचा राग

कणकवलीतल्या एका कॉलेजात सुदेशसर बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला एक अमेरिकन कादंबरी शिकवीत. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका लहान गावातल्या काळ्या धोबिणीची गोष्ट. गावाचे कपडे ती धुई, पण कुणाच्याही घरात पुढच्या दाराने जायची तिला मुभा नव्हती. नगराध्यक्षाच्या घरामागे ती बर्फात दार उघडायची वाट बघत उभी राहते, तो प्रसंग वाचताना सरांचा गळा भरून येई. दरवर्षी येई. मागच्या बाकावरच्या कौस्तुभने एकदा घड्याळ लावलं होतं. पान उघडल्यापासून सरांचा रुमाल बाहेर यायला चार मिनिटं लागली होती.

लेखिका आणि तिचा काळ याशिवाय कादंबरी कळत नाही, असं सरांचं मत होतं. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते काळच शिकवीत. लेखिकेचा बाप काय करायचा, मंदीत कुठल्या बँका बुडाल्या, काळ्यांसाठी बसमधल्या जागा कुठल्या, सगळ्याचे तक्ते भिंतीवर लागले होते. "मित्रहो," सर म्हणत, "माणूस माणसाला मागच्या दारी उभं करतो, ही कल्पनाच मला सहन होत नाही." आणि त्या गोऱ्या नगराध्यक्षाला ते असं काही झोडपीत, की तो बिचारा जिवंत असता तर कणकवलीला येऊन त्याने माफी मागितली असती.

सरांचं मूळ घर तारकर्लीला. तिथे त्यांनी पाच खोल्यांचा होमस्टे काढला होता आणि तो त्यांच्या पत्नी विनीताबाई चालवीत. पर्यटकांच्या चादरी-टॉवेल धुवायला सुगंधा यायची. ती शेजारच्या गावातल्या बौद्धवाडीतली. तिची मुलगी संचिता सरांच्याच वर्गात होती आणि कणकवलीला मावशीकडे राहून शिकत होती. सरांना हे ठाऊक नव्हतं. धुणेवालीला मुलगी असते आणि ती कॉलेजात जाते, हे त्यांच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

ऑक्टोबरात सरांनी वीस गुणांचा निबंध दिला. विषय : 'कादंबरीचा काळ आणि माझा परिसर'. कौस्तुभने वॉटर स्पोर्ट्सचे फोटो चिकटवले. इतरांनी इंटरनेटवरून मंदी उतरवली. संचिताने दोन पानं लिहिली. एका होमस्टेत एक बाई बारा वर्षं चादरी धुते. तिचा चहाचा निळा मग मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेला असतो. तो तिचा तिने विसळायचा आणि तिथेच टांगायचा. चहा वरून ओततात. पुढच्या व्हरांड्यात मुंबईचे पाहुणे 'किती आपलेपणा आहे इथे' म्हणत असतात. नाव-गाव काहीच नव्हतं. मे महिन्यात आईला मदत करायला गेली होती तेव्हा तिने जे पाहिलं, तेच लिहिलं होतं.

सरांनी ते वाचलं आणि रुमाल काढला. वीसपैकी एकोणीस दिले. निबंध वर्गात वाचून दाखवला.

"असा माणूस आपल्या जिल्ह्यात आहे यावर माझा विश्वास बसत नाही," ते म्हणाले. "संचिता, कोण आहे हा नराधम?"

"राहू दे सर," संचिता म्हणाली. आईचं काम जाईल एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पण सर कसले राहू देतात! कॉलेजच्या चर्चासत्रात त्यांनी तिचा निबंध ठेवला. कोल्हापूरच्या पाहुण्या आल्या, दोन पत्रकार आले, पहिल्या रांगेत पैठणी नेसून विनीताबाई बसल्या. संचिताने वाचायला सुरुवात केली. निळ्या मगापर्यंत आली तेव्हा विनीताबाईंनी पदर सारखा केला. खिळ्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी सरांकडे बघून डोळे मोठे केले. सरांना वाटलं, बायको भारावली आहे. त्यांनी मान डोलावली.

वाचन संपलं. सरांनी माईक घेतला. "आज या व्यासपीठावरून मी विचारतो. बाळ, घाबरू नकोस. नाव सांग. मी स्वतः जाऊन त्याला जाब विचारीन."

विनीताबाई आता हातानेच 'पुरे, पुरे' करत होत्या.

"सांग!" सर गरजले.

संचिताने एकदा दाराकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "सर, तुमचाच होमस्टे. ती माझी आई."

कौस्तुभने घड्याळ पाहिलं नाही, पण सर बराच वेळ गप्प होते हे नक्की. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? किती मोठं प्रतीक वापरलं या मुलीने! ती म्हणते, तो माणूस तुम्हीच. म्हणजे आपण सगळेच! मित्रहो, मी इथे सर्वांसमक्ष कबूल करतो की मीही दोषी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोल्हापूरच्या बाईंनी डोळे टिपले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'प्राध्यापकाची प्रांजळ कबुली'. संचिताचं नाव 'एक विद्यार्थिनी' असं होतं. आठवड्याने गुणांची यादी लागली, तेव्हा एकोणिसाचे बारा झाले होते. शेरा होता : संदर्भसूची नाही.

शनिवारी ती घरी गेली. आई तिची वाटच बघत होती.

"कित्याक बोललंस गो चारचौघांत?" सुगंधा म्हणाली.

"खोटा होता?"

"खोटा नाय. पण माका आदी इचारूक व्हया होता. तो मग माझो, कथा माझी."

हे संचिताच्या लक्षातच आलं नव्हतं. "चुकला माझा," ती म्हणाली.

मग सुगंधा सांगू लागली. सोमवारी ती कामाला गेली, तर विनीताबाईंनी तिला पुढच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. पाहुण्यांच्या फुलाफुलांच्या कपात चहा दिला आणि मोबाइल काढला. "हस ना गं जरा," म्हणाल्या. एक फोटो हलला, दुसऱ्यात वाळत घातलेले टॉवेल आले, तिसरा उन्हात गेला.

"चाय थंड झाली, तरी बाईचे फोटो संपनत नाय," सुगंधा म्हणाली. "कप खाली ठेवलंय आणि घराक इलंय. मंगळवारपासून देवबागाक अ‍ॅनीबाईच्या होमस्टेत धुण्याक जातंय."

तेवढ्यात संचिताचा फोन वाजला. सर होते. आवाज वर्गातला नव्हता.

"संचिता, अगं, पुण्याहून सोळा जण येतायत उद्या. इथे चादरींचा ढीग पडलाय. विनीताची कंबर धरलीय. आईला जरा विचारतेस? जुनं सगळं विसरून…"

संचिता काही बोलायच्या आत सुगंधाने फोन घेतला. पलीकडे पाण्याचा नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

"सर, पावडर आदी पाण्यात फेटा, चादर मगे घाला," ती म्हणाली. "आणि पांढऱ्यांत रंगीत मिसळू नका. डाग पडतले."