वैद्याचा डावा हात

पात्र निवडायला माणसाला चार मिनिटं लागतात आणि त्याबद्दल कुरकुर करायला चार वर्षं पुरत नाहीत. हे तराजूबाईचं मत होतं आणि नोकरीत पोळून पोळून बनलेलं होतं. ती एका ऑनलाइन खेळाच्या कंपनीत कामाला होती. राक्षस, दलदल, किल्ले, जादू असा सगळा बाजार असलेला खेळ. आत शिरताना पाचांपैकी एक पात्र घ्यायचं: ढालकरी, कुऱ्हाडवाला, तिरंदाज, जादूगार, नाहीतर वैद्य. दहातले सात जण कुऱ्हाड उचलत. दिवसभर दुसऱ्याची बोलणी खाणाऱ्या माणसाला संध्याकाळी आणखी काय हवं असतं? वैद्य व्हायला कुणी तयार नसे, आणि वैद्य नव्हता म्हणून मेलो अशी बोंब मात्र सगळे मारत.

या पाचांचा तोल सांभाळणं हे तिचं काम. दर गुरुवारी एकाची ताकद चिमूटभर वाढवायची, दुसऱ्याची चिमूटभर काढायची आणि मग पाचही जणांच्या शिव्या खायच्या. ज्याची काढली त्याला अन्याय वाटे, ज्याची वाढवली त्याला ती कमी वाटे आणि ज्यांना हातच लावला नाही ते आपल्याकडे कुणी बघत नाही म्हणून रुसून बसत. तराजूबाई हे नावही खेळाडूंनीच ठेवलेलं. आधी तिला राग आला, मग तिनं तेच नाव टेबलावरच्या पाटीवर लिहून घेतलं.

घरी ती आणि तिचे वडील. वडील सुतार. चाळीस वर्षं दारं-खिडक्या, टेबलं-खुर्च्या केल्या आणि गेल्या वर्षी एका सकाळी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. बोलणं परत आलं, पाय परत आला, डावा हात मात्र आला नाही. तो हात ते खिशात घालून ठेवत. बाहेर जाणं त्यांनी सोडलं, कारण लोक आधी खिशाकडे बघायचे आणि मग तोंडाकडे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलेला बाप तिला बघवेना, म्हणून तिनं आपला जुना कॉम्प्युटर त्यांना दिला, त्यावर खेळ घालून दिला. वर तज्ज्ञाचा सल्लाही दिला: ढालकरी घ्या, नवख्यांना सोपा जातो. वडील दोन दिवस ती पाचही पात्रं लाकूड पारखावं तशी निरखत बसले आणि त्यांनी वैद्य घेतला. वय झालं, मारामारी नको वाटली असेल, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. विचारलं नाही. विचारायचं कशाला? पात्रांचं सगळं ज्ञान हिच्याचकडे.

खेळात एक लाकडी पूल आहे. तिथे नवखे खेळाडू रांगेनं मरतात. वडील त्या पुलावर उभे राहायला लागले. येईल त्याची जखम भरायची, मोबदला म्हणून कुणाकडून काही घ्यायचं नाही. महिन्याभरात ते 'पुलावरचे काका' झाले. लोक त्यांना शोधत येत. जेवताना वडील पुलावरच्या बातम्या सांगत: एक नवी जादूगारीण आली आहे, राक्षस राहिला बाजूला, स्वतःलाच पेटवून घेते. त्या पुलावर त्यांना कुणी हाताचं विचारत नव्हतं. त्यांची भिंत सुटली, आणि तराजूबाईनं त्याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेऊन टाकलं.

पुढे वैद्यांविरुद्ध ओरड सुरू झाली. वैद्य पळता पळता स्वतःलाच बरं करतो, मरतच नाही, असं कुऱ्हाडवाल्यांचं म्हणणं. आकडे बघितले तर ते खरं निघालं. सरळ उपाय म्हणजे वैद्याची ताकद कमी करायची. पण मग वैद्य चिडणार, आणि ते आधीच मूठभर. तराजूबाईनं शक्कल लढवली. ताकद आहे तेवढीच ठेवायची, फक्त उपचार चालू असेपर्यंत डाव्या हातानं एक कळ दाबून धरायची. चालायच्या कळाही डाव्याच हाताला. म्हणजे एकतर पळा, नाहीतर बरं करा. एकही आकडा हलला नाही, त्यामुळे कुणाला नीट बोंबही मारता येईना. मीटिंगमध्ये ती म्हणाली, "एका हातानं खेळता येतं ते पात्र कसलं?" साहेबांनी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं.

आठवड्याभरात लोकांनी जुगाड शोधला. काही खात्यांवर ती कळ तासन्‌तास दाबलेलीच दिसायला लागली, बोट कधी सैल पडतच नव्हतं. अशी तीनशे बारा खाती मशीननं परस्पर बंद केली. त्यांना जाणारं पत्रही तराजूबाईनंच लिहिलं. 'माणसाचा हात थकतो. आपला थकत नाही, अर्थात तो हात नव्हे. सबब खाते बंद करण्यात येत आहे.' ऑफिसात पोट धरून हसले सगळे. दाद मागणाऱ्या अर्जांनाही तेच पत्र आपोआप उत्तर म्हणून जाईल अशी सोय करण्यात आली. एवढं चांगलं वाक्य एकदाच वापरायचं म्हणजे उधळपट्टीच.

घरी वडील पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. काय झालं विचारलं तर कंटाळा आला म्हणाले. तिनं विश्वास ठेवला, फिरायला जात जा असा सल्लाही दिला. सल्ल्यांची तिच्याकडे कधीच टंचाई नव्हती.

सोमवारी दुपारी तक्रारी बघणारा सहकारी मोबाइल नाचवत तिच्या टेबलापाशी आला. एका लबाडानं अर्जाबरोबर चक्क आपल्या लबाडीचा फोटो जोडला आहे, म्हणाला. फोटोत एक कीबोर्ड होता आणि एका कळेवर बोटभर लाकडाची पाचर बसवलेली होती. कडा गोल केलेल्या, कानशीनं घासून गुळगुळीत केलेली, कळेच्या मापाची. आसपासची चार माणसं जमली. तराजूबाईही हसली. मग तिला कीबोर्डखालचं मेणकापड दिसलं. त्याचा कोपरा गेल्या वर्षी तिच्याच हातून इस्त्रीखाली जळला होता.

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं. अर्ज तिनं दोनदा वाचला. 'महोदय, माझा डावा हात चालत नाही. म्हणून पाचर केली आहे. पाचरीमुळे मला इतरांपेक्षा जास्त काही मिळतं का, ते कृपया तपासावं. मिळत असेल तर मी ती काढून टाकीन आणि खेळणार नाही.' अर्ज अकरा दिवसांपूर्वीचा होता. उत्तर त्याच मिनिटाला गेलं होतं, तिच्याच शब्दांत.

साहेबांना तिनं सगळं सांगितलं. साहेब मनाचे मोठे. वडिलांचं खातं सोडवून टाक, पाच मिनिटांचं काम आहे, बाकीच्यांकडे बघत बसलो तर कामं कधी करायची, असं म्हणाले. तिनं पाच मिनिटांत खातं सोडवलं आणि सहाला घरी गेली. शरमेनं मेल्यासारखं झालं होतं, पण एक आशाही होती, की सुटलं म्हटल्यावर वडील खूश होतील आणि विषय तिथेच मिटेल.

तिनं सांगितलं तेव्हा वडील भिंतीपाशीच बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाकीच्यांचं काय झालं ते विचारलं. फक्त तुमचंच सोडवलं, असं ती म्हणाली. तेव्हा ते म्हणाले, वशिल्यानं आत जायचं असतं तर मी पहिल्याच दिवशी तुला सांगितलं नसतं का? माझं खातं परत बंद कर.

"बाबा, ते पत्र मी लिहिलंय," ती म्हणाली. "कळ दाबायची कल्पनापण माझीच."

वडिलांनी तिच्याकडे नीट बघितलं. "पत्र चांगलं जमलंय," ते म्हणाले.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर तिला सोसलं असतं. ते उठले, खुंटीवरचा टॉवेल काढला आणि तिला डावा हात मागे घ्यायला सांगितलं. गाठ मात्र दोघांना मिळून मारावी लागली, एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिनं. मग त्यांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, "स्वतः बसून बघितल्याशिवाय मी एक खुर्ची गिऱ्हाइकाला दिली नाही. तू तुझ्या खात्यावर वैद्य होऊन पुलावर जा. तासभर उभी राहा."

ती गेली. पाचही पात्रांची बारीकसारीक माहिती असलेली बाई पहिल्या मिनिटाला मेली. उजवा हात माउसवर ठेवावा तर कळ सुटे, कळ धरावी तर जखमी माणूस निवडता येईना. तिच्या पायाशी नवखे खेळाडू पटापट पडत होते आणि मरता मरता लिहीत होते, हे काका नाहीत का? अकराव्यांदा मेल्यावर तिनं पाचरीकडे हात नेला. वडिलांनी पाचर उचलून आपल्या खिशात टाकली.

"ती लबाडी आहे," ते म्हणाले. "तुमच्या पत्रात आहे तसं."

तिला रडू आलं, आणि टॉवेलमुळे डोळेसुद्धा एकाच हातानं पुसावे लागले. मग तिनं जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते आत्ता विचारलं. तुम्ही वैद्यच का घेतलात? वडील म्हणाले, पाचही करून बघितली. ढालीला दोन हात लागतात, कुऱ्हाडीला दोन, जादूला दोन, धनुष्याला तर लागणारच. वैद्य एका जागी उभा राहून उजव्या हातानं काम करू शकत होता. जे जमण्यासारखं होतं ते घेतलं. त्यात दया वगैरे काही नव्हती.

ती उद्याच्या उद्या कळेचा नियम काढून टाकते म्हणाली, सगळी तीनशे बारा खाती उघडते म्हणाली, साहेब काय वाटेल ते बोलोत. वडिलांनी मान हलवली, पण त्यांच्या कपाळाला आठी तशीच होती.

"पण कुऱ्हाडवाल्यांचं म्हणणं खोटं नाही," ते म्हणाले. "वैद्य मरत नाही हे मीही बघितलंय. ताकद हवी तेवढी कमी कर. हात मागू नकोस."

बदलाची सूचना तिनं तिथेच बसून लिहिली. टॉवेल सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, म्हणून एकेक अक्षर शोधत तिला पाऊण तास लागला. गुरुवारी कळेचा नियम गेला, तीनशे बारा खाती उघडली आणि वैद्याची ताकद पाचव्या हिश्श्यानं कमी झाली. साहेब तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. वैद्यांनी तिच्या नावानं शिमगा केला, तो अजून चालूच आहे. त्या संध्याकाळी वडील जेवायला उशिरा आले, ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, पुलावर आज सहा जण हातातून गेले, ती तराजूबाई कोण आहे तिला काही म्हणजे काही कळत नाही.