मला दबू द्या

मी एक स्प्रिंग बोलतेय. माझं बोलणं लिहून घेणारा फिटर आहे. त्याची शाळा लहानपणीच सुटली, म्हणून शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच असतील. सांभाळून घ्या.

मी सरळसोट नाही. खाली रुंद, वर निमुळती. मला मुद्दाम तशी वळली आहे. बारीक हादरा आला की मी अलगद दबते. मोठा दणका आला की माझे वेढे खालून एकेक टेकत जातात आणि मी कडक होते. दणका जेवढा मोठा, तेवढी मी हट्टी.

आम्ही चौघी रुग्णवाहिकेत आहोत, तान्ह्या बाळांच्या गरम पेटीखाली. अपुऱ्या दिवसांची बाळं या पेटीतून मोठ्या दवाखान्यात जातात.

पण माणसांना डोलणारी वस्तू बघवत नाही. पहिल्याच फेरीत सिस्टर म्हणाल्या, "अहो दादा, ही पेटी झोपाळ्यासारखी हलतेय! सैल राहिली वाटतं."

"थांबा, तिची मस्ती जिरवतो," ड्रायव्हर म्हणाला. हा फिटरचा थोरला भाऊ. त्याने पेटीखाली लाकडी ठोकळे ठोकून बसवले. पेटी हलायची थांबली. सगळे खूश! मी मात्र जखडले. प्रत्येक खड्डा ठोकळ्यातून थेट पेटीत जायचा आणि मला दबायला बोटभर जागा नाही. हात बांधायचे आणि वर पोहायला सांगायचं, असला प्रकार.

मग एका खड्ड्यात पेटीला ऊब देणारा दिवाच विझला. ऊब गेली. सिस्टरांनी बाळाला स्वेटरच्या आत छातीशी धरलं, म्हणून ते वाचलं.

आणि दोष कुणाला? "या स्प्रिंगाच भिकार," ड्रायव्हर चिडला. "उद्या काढून फेकतो. पेटी बोल्टने आवळतो."

"दादा, ते ठोकळे..." फिटर पुटपुटला.

"आधी मोठ्याने बोलायला शीक, मग मला शिकव!"

फिटरने अवजारं आवरायला घेतली. माझा नुसता जळफळाट. अरे, बोल ना!

संध्याकाळी तो एकटाच गाडीत आला. वाकून बघितलं, तर माझ्या वेढ्यांवरचा रंग कोरा करकरीत. झिजणार कसा? काम करूच दिलं नव्हतं मला. तिथेच बसून त्याने हे लिहायला घेतलं.

माझं मागणं एवढंच: मी डोलते, ते माझं काम आहे. मला बोटभर जागा द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ठोकळे उपटले, सुटलेली वायर जोडली, पेटीत बाळाच्या वजनाची पाण्याची पिशवी ठेवली आणि दिवा लावला. मग सिस्टरांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने म्हणाला, "दादा, बस गाडीत. सगळ्यात वाईट रस्त्याने घे. दिवा विझला, तर मीच हिला काढून फेकतो."