माळवदावरची दाढ

मी हरणाबाईंची दाढ बोलतेय. किडकी नव्हे, चांगली धडधाकट. जतकडच्या त्यांच्या घराच्या मातीच्या माळवदावर, साण्याच्या कडेला मी पडून असते. छतातल्या या भोकातून चुलीचा धूर वर येतो आणि ऊन आत उतरतं. घरातलं सगळं मला इथूनच दिसतं, ऐकू येतं.

मी उगवले तेव्हा हरणाबाई मेंढरांमागं हिंडणारी पोर होत्या. त्यांच्यासोबत मी हुरडा खाल्ला, शेंगा फोडल्या.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यांच्या उजव्या गालात वीज शिरली. वारा लागला की कळ, घास घेतला की कळ. "दातात किडा हाय," सगळे म्हणाले. किडा पडावा म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी दिली. मला ओरडावंसं वाटे, 'अहो, दुखणं माझ्यात नाही!' पण तोंडात राहूनही दाढेला बोलता कुठं येतं? शेवटी मला उपटलं.

लहान पोराचा दात टाकावा तसं त्यांच्या मालकांनी, बाळासोंनी, मला माळवदावर फेकलं. "उंदराला दिली गं. आता नवी यील तुला!"

"आवं, या वयात नवी दाढ? त्यापरीस नवी सवत आणा!"

हसता हसता हरणाबाईंनी गाल धरला. मी बाहेर आले होते, कळ आतच होती.

मग नात झाली. ती गालाकडं हात न्यायची आणि आजी तोंड फिरवायची. "नात नकोशी झाली वाटतं," जाऊबाई शालूबाई टोमणा मारायच्या. हरणाबाईंना बोलतानाही कळ यायची.

दुसरी दाढ काढायची ठरली, तेव्हा बाळासो त्यांना मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. परतल्यावर ते शालूबाईंना सांगत होते, "दाताचं न्हाईच ते. तोंडाची शीर पेटतीया. शिरेत सुई देऊन ती बधीर केली; कळ परत यील म्हणालं डॉक्टर. परदेशात म्हणं सुई न्हाई, कात्री न्हाई, नुसती किरणं सोडत्यात शिरेवर. आपल्याकडं अजून न्हाईत."

"किरणं व्हय? ती तर आपल्या साण्यातनं रोज येत्यात की!" हरणाबाई म्हणाल्या. किती दिवसांनी त्या एका दमात एवढं बोलल्या!

त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. तिनं उजव्या गालावर हात ठेवला. हरणाबाई हलल्या नाहीत.

"दुखलं का गं?" बाळासोंनी विचारलं.

"न्हाई... पर हात बी कळला न्हाई."

मग त्यांनी तो चिमुकला हात उचलून डाव्या गालावर ठेवला आणि डोळे मिटले.

आता रोज दुपारी ऊन मला ओलांडून खाली उतरतं. कवडसा सरकत सरकत हरणाबाईंच्या उजव्या गालावर जातो. त्यात धूळ तरंगते आणि मला वाटतं, हीच ती दूरदेशीची किरणं, वाट काढत इथवर आलेली. मी त्या किरणांना हळूच सांगते, बाबांनो, कळ परत आली तर तेवढीच न्या. पोरीचा हात राहू द्या.